निरंक

बत्तीस वर्षं मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातली शेवटची आठ वर्षं आरोग्य तपासणीचं रजिस्टर माझ्या ताब्यात होतं. वर्षातून एकदा तपासणीची गाडी यायची. दोन डॉक्टर, एक सिस्टर आणि एक औषधनिर्माता उतरायचे. व्हरांड्यात दोन बाकं मांडायची, वजनकाटा ठेवायचा, भिंतीवर उंचीची पट्टी चिकटवायची. दुपारच्या सुट्टीपर्यंत दोनशे मुलं उरकायची, कारण गाडीला त्याच दिवशी पुढच्या गावची शाळाही गाठायची असायची. रजिस्टरात वजन-उंचीच्या पुढे बरेच रकाने होते : दात, डोळे, कान, त्वचा, रक्तक्षय, इतर तक्रार. संध्याकाळी मी ते पुरं करायला बसले की बहुतेक रकान्यांत एकच शब्द लिहायचे. निरंक.

सरकारी कागदांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हा शब्द सवयीचा आहे. निरंक म्हणजे काही नाही. पण 'काही नाही'चे दोन अर्थ होतात. तपासलं आणि आढळलं नाही, हा एक. तपासलंच नाही, हा दुसरा. आमच्या रजिस्टरात दोन्हींना एकच शब्द होता. तो शाळेतून तालुक्याला आणि तालुक्याहून जिल्ह्याला गेला की फरक ओळखायची काही सोयच उरत नसे. नववीतली एक मुलगी प्रार्थनेच्या रांगेत महिन्यातून एकदा तरी चक्कर येऊन खाली बसायची. तिच्या नावापुढे 'इतर तक्रार : निरंक' असं लिहिलेलं आहे. तपासणीच्या दिवशी ती ठीक होती. तिला कुणी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. खाली सही माझी आहे.

म्हणून एखाद्या जिल्ह्यातल्या किंवा राज्यातल्या तरुण मुलामुलींची तब्येत मोजायची कशी, हा प्रश्न मला तज्ज्ञांवर सोडून देण्यासारखा वाटत नाही. आपल्याकडची तरुण पिढी धडधाकट दिसते, पण त्यातला बराचसा धडधाकटपणा आपण न विचारल्यामुळे कागदावर उतरलेला आहे, असं माझं म्हणणं आहे.

याचं एक कारण मापातच आहे. समाजाचं आरोग्य मोजण्याचं सगळ्यात जुनं माप म्हणजे मरण. बालमृत्यू दर, मातामृत्यू दर, सरासरी आयुर्मान ही सगळी त्याच घरातली मापं. पहिल्या वर्षात आणि म्हातारपणी माणसं जास्त दगावतात, त्यामुळे तिथे हे माप चालतं. दहा ते चोवीस हे वय असं, की त्यात मरणं फार कमी. मग आकडे सांगतात, इथे काळजीचं काही नाही. पण तंबाखूची पहिली पुडी याच वयात फुटते, मनाचे बरेच आजार याच वयात डोकं वर काढतात, चाळिशीत दिसणाऱ्या मधुमेहाची बैठक याच वयात घातली जाते. मरण मोजणाऱ्याला यातलं काही वीस वर्षं दिसत नाही.

दुसरं कारण हे, की आपण तरुण मुलांना त्यांच्यासाठी म्हणून कधी मोजलंच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ही आपल्याकडची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात विश्वासाची पाहणी. १९९२-९३ मध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा प्रश्न फक्त लग्न झालेल्या बायकांना विचारले गेले. अविवाहित मुलींची मुलाखत घ्यायला २००५-०६ची तिसरी फेरी उजाडावी लागली. पुरुषही त्याच फेरीत आले. आजही या पाहणीत पाच वर्षांखालच्या बाळाचं वजन-उंची मोजतात, आणि मग थेट १५ ते ४९ वयाच्या बाईचं. मधल्या पाच ते चौदा वयाचं शरीर त्या काट्यावर चढतच नाही. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत ७,२४,११५ बायकांशी बोलणं झालं आणि १,०१,८३९ पुरुषांशी. पाहणीचा हेतू कुटुंबनियोजन आणि माता-बालकांचं आरोग्य हा असल्यामुळे हे असं आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. पण होतं काय, की मुलगी आपल्या हिशेबात येते ती होणारी आई म्हणून, आणि मुलगा जवळजवळ येतच नाही.

'तरुण' म्हणजे कोण याचाही पत्ता लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ला किशोर म्हणते, १५ ते २४ला युवा, आणि दोन्ही मिळून १० ते २४. आपलं २००३चं युवा धोरण १३ ते ३५ धरायचं, २०१४चं १५ ते २९ धरतं. पोलिसांच्या तक्त्यात अठरापर्यंत एक गट आणि अठरा ते तीस दुसरा. एका खात्याचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवायचा तर आधी वयाच्या कडा जुळवण्यातच दिवस जातो.

शरीराचं नीट, सेंटिमीटरला सेंटिमीटर मोजमाप मी एकाच ठिकाणी पाहिलंय. पोलिस भरतीच्या मैदानावर. तिथे छाती फुगवून किती भरते हे टेपने पाहतात, १६०० मीटर धावायला लागलेला वेळ सेकंदांत लिहितात. शासनाला ते शरीर हवं असतं, म्हणून. इतिहासातही असंच झालंय. १८९९मध्ये बोअर युद्धाला निघालेल्या ब्रिटनला कळलं, की मँचेस्टरसारख्या शहरात भरतीला येणाऱ्या पोरांपैकी बहुतेक परत पाठवावी लागतायत. तेवढ्यावर १९०३ साली सरकारी समिती बसली, १९०६ला शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला, १९०७ला शाळेत वैद्यकीय तपासणीचा. हेतू सैनिक मिळवण्याचा असेल, पण गरिबाच्या पोराला जेवण मिळालं. मोजल्याने काय होऊ शकतं ते यात दिसतं. मला फक्त एवढंच वाटतं, की मोजण्यासाठी युद्धाची वाट पाहावी लागू नये.

आता रक्ताचं घेऊ. आपल्याकडे किशोरवयीन मुलींच्या आरोग्यावर भाषण करायचं तर रक्तक्षयाचा आकडा सांगायचा, अशी पद्धतच पडली आहे. पाचव्या पाहणीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५४.१ होतं. याच देशात २०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने मुलांच्या पोषणाची एक वेगळी, जन्मापासून १९ वर्षांपर्यंतची पाहणी केली. तिच्यात १० ते १९ वयाच्या मुलींमधलं प्रमाण ४० टक्के निघालं, मुलांमधलं १८. एकीकडे दर पाचांत तीन मुली, दुसरीकडे दर पाचांत दोन. वयोगट सारखा नाही, हे खरं. पण रक्त घेण्याची पद्धतही सारखी नव्हती. कुटुंब आरोग्य पाहणीत बोटाला टोचून थेंब घेतात आणि तिथल्या तिथे छोट्या यंत्रात घालतात. पोषण पाहणीत शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत तपासलं. बोट थंड असेल, थेंब यावा म्हणून दाबलं असेल, तर रक्ताबरोबर पेशींच्या आजूबाजूचं पाणी येतं आणि हिमोग्लोबिन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतं. शाळेतल्या प्रयोगशाळेत रक्तगट काढताना मी हजारदा सांगितलं असेल, 'बोट पिळू नका गं.' तेच राष्ट्रीय पातळीवर.

या वादातून पुढच्या, सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची चाचणी काढून टाकली गेली आणि ती आहार व जैविक निर्देशांकांच्या वेगळ्या पाहणीकडे सोपवण्यात आली. शिरेतलं रक्त घ्यावं याबद्दल माझं दुमत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. पण जुनी मोजपट्टी फेकण्याआधी निदान एक फेरी नवी-जुनी शेजारी शेजारी लावून बघायची असते. तसं केलं नाही की आकडा खाली आला तर तो गोळ्यांनी आला की सुईने, हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि मग ज्याला जे सांगायचं असेल तो ते सांगेल.

त्या आकड्यांमध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणी पाहत नाही. १५ ते १९ वयाच्या मुलग्यांमध्येही रक्तक्षय ३१.१ टक्के निघाला होता. म्हणजे तीनातला एक. लोहाची निळी गोळी आठवड्याला एक, सरकारी शाळेतल्या सहावी ते बारावीच्या मुलामुलींना मिळते. शाळा सोडलेल्या मुलींना अंगणवाडीतून मिळते. शाळा सोडलेल्या मुलग्यांना कुठून मिळते? त्या योजनेत त्यांच्यासाठी दारच ठेवलेलं नाही. वीटभट्टीवर काम करणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराचं हिमोग्लोबिन किती आहे, हे ना कुठल्या रजिस्टरात आहे, ना त्याच्या आईला माहीत.

मापाची फसगत कशी होते याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. वजन आणि उंचीवरून जो शरीरवस्तुमान निर्देशांक काढतात, ज्याला सगळे आता बीएमआय म्हणतात, तो पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा अगदी सारखा होता, २२.३. निर्देशांकाने पाहिलं तर दोघेही तंदुरुस्त. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. दोघांचा फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बारीक हातापायांच्या, कागदावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी दडलेली असते हे त्या एका फोटोने जगासमोर ठळकपणे आलं. याच चमूने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांची नोंद ठेवली, मग त्यांच्या बाळांची. सरासरी २.७ किलोच्या आसपास वजनाची ती बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी लहान होती, तरी त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. पुढे ती बाळं मोठी होईपर्यंत संशोधक त्यांच्या मागावर राहिले, आणि अठराव्या वर्षी त्यातल्या कितीतरी मुलामुलींची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर सापडली. खेड्यातली, बहुतेक काटकुळी पोरं. आमच्या व्हरांड्यातल्या वजनकाट्याने यांना 'कमी वजन' म्हटलं असतं आणि पोषण आहाराचा भात जास्त वाढला असता.

वजन-उंची मोजू नये, असा याचा अर्थ नाही. ती स्वस्त आहेत, कुणालाही मोजता येतात. पण कमरेचा घेर मोजायला एक टेप लागते. परदेशी तक्त्यांऐवजी भारतीय मुलांचे तक्ते वापरायला तर तेवढंही लागत नाही. पाच ते अठरा वयाचे असे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५मध्ये काढले, त्यांचं बरंचसं काम पुण्यात झालं. आमच्या रजिस्टराच्या मागच्या पानावर मात्र मी निवृत्त होईपर्यंत जुनाच तक्ता छापलेला होता.

मनाचं मोजमाप याहून अवघड, आणि तिथे आपली अवस्था सगळ्यात वाईट. २०१५-१६मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. ती बारा राज्यांत झाली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण त्यात ७.३ टक्के दिलं आहे, आणि इथली मंडळी हा आकडा बिनदिक्कत महाराष्ट्राला लावतात. आपल्या राज्याचं आपल्याकडे काय आहे? पोलिसांची नोंद आहे. २०२२मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे राज्यांमध्ये सगळ्यात जास्त. देशभरात विद्यार्थी होते १३,०४४. एवढ्या मोठ्या दुःखाची आपली सगळी माहिती पंचनाम्यातून येते. तिथे कारणांचे रकाने आहेत, 'कौटुंबिक समस्या', 'आजारपण', 'परीक्षेतील अपयश'. हवालदाराने घरच्यांना त्या दिवशी विचारायचं आणि एक रकाना निवडायचा. घरचे त्या दिवशी काय सांगणार?

मरणाची नोंदच किती अपुरी असते हे २०१२मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं. घरोघर जाऊन, मृत्यू कसा झाला हे कुटुंबाकडून सविस्तर ऐकून, दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे कारण ठरवायचं, अशी त्याची रीत होती. त्यावरून २०१०मध्ये देशात सुमारे १,८७,००० आत्महत्या झाल्याचा अंदाज निघाला. पोलिसांच्या नोंदीत त्या वर्षी १,३४,५९९ होत्या. त्याच अभ्यासात दिसलं, की १५ ते २९ वयाच्या बायकांमध्ये आत्महत्येने जाणाऱ्यांची संख्या बाळंतपणात दगावणाऱ्यांच्या जवळपास आहे. या वाक्याशी मी पुन्हा पुन्हा थांबते. बाळंतपणात एक बाई गेली तर त्या मृत्यूचं अन्वेषण करायचा नियम आहे, कुठे उशीर झाला, घरी, रस्त्यात की दवाखान्यात, हे शोधायची समिती असते. हे फार चांगलं झालं, त्याने जीव वाचले. बावीस वर्षांच्या मुलीने स्वतःला संपवलं तर फाईल ठाण्यात जाते आणि तिथेच बंद होते. तिच्या बाबतीत कुठे उशीर झाला हे शोधायला कुणीही बसत नाही. (मन फार अंधारलं असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कधीही बोलता येतं, मराठीतही. हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी लिहिलेला असावा.)

मग खरं मोजायचं तर कसं? याचं उत्तर या महाराष्ट्रातच, गडचिरोलीत, फार पूर्वी मिळालेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. त्याचा निष्कर्ष जानेवारी १९८९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी तपासून घेतलेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. त्या गावांच्या त्याआधीच्या सरकारी कागदांत काय असेल याची मी कल्पना करू शकते. निरंकच असेल.

आजार काही त्या संशोधनाने निर्माण झाला नव्हता. वर्षानुवर्षं तो त्या घरांमध्येच होता. फरक पडला तो तीन-चार साध्या गोष्टींनी. तपासणी गावात झाली. तपासणारी बाई होती. बायकांना दुखण्यासाठी जे शब्द येतात तेच शब्द विचारणाऱ्यांनी आधी शिकून घेतले. आणि ज्यांच्यात दोष सापडला त्यांना उपचार मिळाले, नुसता आकडा घेऊन कुणी निघून गेलं नाही.

शब्दांचं तर फारच महत्त्व आहे. इंग्रजीतून मराठीत आलेल्या प्रश्नावल्या मी पाहिल्यात. 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा निरुत्साही वाटले?' आमच्या भागातली मुलगी निरुत्साही नसते. ती म्हणते, कसंतरी होतं. छातीत धडधडतं. डोक्यात विचार येतात. टेन्शन येतं. 'श्वेतप्रदराचा त्रास आहे का?' असं विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि 'अंगावरून पांढरं जातं का?' असं कुणी मावशीने कानात विचारलं तर मान खाली घालून हो म्हणेल. पाळीला कुठे 'अडचण', कुठे 'कावळा शिवला', कुठे नुसतं 'बाहेर'. विदर्भातल्या पोराला तंबाखू खातोस का विचारा, नाही म्हणेल. खर्रा खातोस का, तर हो, आणि त्यात त्याला खोटं बोलल्यासारखंही वाटणार नाही, कारण त्याच्या मते खर्रा ही वेगळीच वस्तू आहे. साधं 'तब्येत कशी आहे?' विचारलं तर आपल्याकडे 'बरी आहे' एवढंच उत्तर मिळतं, आणि त्या 'बरी'मध्ये काहीही मावतं.

नोकरीच्या शेवटून दुसऱ्या वर्षी मी नववी-दहावीच्या वर्गात एक पेटी ठेवली. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, मुलगा की मुलगी एवढंच लिहायचं, आणि गेल्या महिन्यात शरीराला किंवा मनाला काय त्रास झाला ते. पेटी मी एकटीने घरी नेऊन उघडली. मुलींच्या बऱ्याच चिठ्ठ्यांत होतं, की शाळेत दिवसभर पाणी पीत नाही, कारण संडासाला कडी नाही. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळतं. मुलग्यांच्या चिठ्ठ्यांत झोप होती. रात्रीची लाईट असते, पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जावं लागतं, वर्गात डोळे उघडे राहत नाहीत. वडील पितात, हे दोघांच्याही चिठ्ठ्यांत होतं. एकीने लिहिलं होतं, की तिचं लग्न ठरलंय आणि तेव्हापासून जेवण जात नाही. आमच्या रजिस्टरात यातल्या एकाही गोष्टीला रकाना नव्हता. कडी आम्ही दुसऱ्या आठवड्यात बसवली, दीडशे रुपयांत.

हे संशोधन नव्हतं, आणि मी त्याला संशोधन म्हणणारही नाही. पण युरोपात जवळपास हेच १९८३-८४पासून शिस्तीत चाललंय. दर चार वर्षांनी ११, १३ आणि १५ वर्षांच्या शाळकरी मुलांकडून वर्गातच, नाव न घालता, प्रश्नावली भरून घेतात : झोप, जेवण, दमदाटी, एकटेपणा, आयुष्याला शून्य ते दहामधले किती गुण देशील. अमेरिकेत १९९१पासून अशीच पाहणी दर दोन वर्षांनी होते. प्रश्न तेच ठेवतात, म्हणून पिढीगणिक काय बदललं ते दिसतं. आपल्याकडे या धर्तीचं नेमाने झालेलं काम जवळजवळ एकच, शाळकरी मुलांच्या तंबाखूची पाहणी. २०१९च्या चौथ्या फेरीत १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के मुलांनी तंबाखू वापरत असल्याचं लिहून दिलं, आणि हा आकडा आज उपयोगी पडतो तो आधीच्या फेऱ्या हाताशी आहेत म्हणून. तंबाखूचं जमलं, तर बाकीच्याचं का जमू नये?

पण शाळेतली पाहणी शाळेत असलेल्यांचीच होणार. आमचा तालुका ऊसतोडीचा. दिवाळी झाली की पट अर्धा होतो. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, एक कोयता म्हणजे एक जोडपं, टोळीबरोबर कारखान्याच्या भागात जातात, आणि त्यांच्याबरोबर चौदा-पंधरा वर्षांची पोरं. तपासणीची गाडी जानेवारीत आली तर ती सगळी गैरहजर, आणि गैरहजर मुलाची टक्केवारी कशात धरत नाहीत. घरोघरची पाहणी झाली तरी तिला घराला कुलूप दिसतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातायत ही कुजबुज कितीतरी वर्षं होती. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तेव्हा जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड करणाऱ्या बायकांना विचारलं गेलं आणि १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्हीकडचा वयोगट एकच नाही, त्यामुळे तुलना ढोबळ आहे, पण एवढा फरक नुसत्या वयाने पडत नाही. पाळीत खाडा झाला की दंड बसतो, म्हणून तिशीच्या आत पिशवी काढून टाकणारी बाई राज्याच्या सरासरीत कुठेच दिसत नव्हती. तिच्याचसाठी वेगळं बसून विचारलं, तेव्हा ती दिसली.

दुसरं टोक पुण्याच्या सदाशिव पेठेत आहे. एका खोलीत सहा कॉट, मेसचा डबा, अभ्यासिकेत बारा तास, आणि स्पर्धा परीक्षेचा तिसरा किंवा पाचवा प्रयत्न. गावी यांच्या घरी पाहणीवाले गेले तर हे तिथे झोपलेले नसतात, आणि कॉट बेसिसच्या खोलीला पाहणी कुटुंब समजत नाही. वसतिगृहं, आश्रमशाळा, कारखान्याच्या झोपड्या, बांधकामावरचे पत्रे... तरुण माणूस नेमका जिथे राहतो ती ठिकाणं घर या व्याख्येच्या बाहेर आहेत.

या मताला विरोध करणारे माझ्या घरातच आहेत. माझी सून आरोग्य खात्यात आहे. ती म्हणते, आई, आशाताईंच्या हातात आधीच किती नोंदवह्या आहेत ते एकदा मोजा. तिचं बरोबर आहे. प्रत्येकाचं सगळं मोजायचा हट्ट धरला की कुणाचंच नीट मोजलं जात नाही, आमच्या रजिस्टराचं तेच झालं. म्हणून मी सरसकट तपासणी वाढवा म्हणत नाही. ती गाडी चालू राहू दे. ती ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाने हृदयाला छिद्र असलेली पोरं शोधून त्यांच्या शस्त्रक्रिया करवल्यात, ते काम मोठं आहे. मी म्हणते ते वेगळं : राज्याने दर तीन-चार वर्षांनी १० ते २४ वयाच्या मुलामुलींचा नमुना निवडावा, मोजका, पण प्रत्येक जिल्ह्यातून. मुलगे आणि मुली सारख्याच संख्येने. शाळेबाहेरच्यांचा, ऊसतोडीच्या टोळ्यांचा, वसतिगृहांचा वाटा आधीच राखून ठेवलेला. त्यातल्या काहींचं रक्त शिरेतून घ्यावं. नाजूक प्रश्न कानाला हेडफोन लावून ऐकायचे आणि उत्तर पडद्यावर स्वतः दाबायचं, म्हणजे सासू शेजारी बसली तरी चालेल. आणि हे प्रशिक्षित, पगारी, वेगळी माणसं करतील. आशाताई नाहीत.

गुप्ततेची भीती मला जास्त खरी वाटते. मुलीने विश्वासाने लिहिलेलं गावात फुटलं तर तिचं शिक्षण त्या दिवशी थांबतं. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती, हे २०२३च्या माहिती संरक्षण कायद्याने सांगितलंय. पण ज्या घरात त्रास घरातूनच आहे तिथे पालक संमती देतील का? २०१२च्या पॉक्सो कायद्यात गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग सतरा वर्षांच्या मुलीला प्रश्न विचारणारा गोंधळतो आणि प्रश्नच गाळतो. यावर उत्तर आहे, नाव-गाव न घेता माहिती गोळा करण्याचं, आणि त्याच ठिकाणी मदत मागायची वेगळी वाट ठेवण्याचं. मदतीची वाट नसेल तर विचारूच नये, हे मीही मान्य करते. आपल्याकडे किशोरांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहेत. पाहणीच्या आठवड्यात त्यांचं दार शाळा सुटल्यावरही उघडं असलं पाहिजे, एवढं तर करता येईल.

निघालेला आकडा परत गावात यायला हवा, याबद्दल मी अडून बसेन. बत्तीस वर्षांत आमच्या शाळेतून वजन-उंचीचे किती कागद वर गेले असतील. वरून एकदाही कुणी कळवलं नाही, की तुमच्या तालुक्यातल्या मुली जिल्ह्यातल्या मुलींपेक्षा बुटक्या आहेत किंवा उंच आहेत. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा खर्च वाचून दाखवतात. तसं पोरांच्या झोपेचं, रक्ताचं, दमदाटीचं वाचून दाखवावं. दारं धरायला दहावीचा मुलगा रात्री जातो, हे गावाला माहीत आहे, पण ते आजवर कुणी आरोग्य म्हणून वाचलेलं नाही.

ही पाहणी व्हायला वर्षं लागतील, निधी लागेल. तोवर एक गोष्ट या वर्षीच होऊ शकते आणि तिला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. तपासणीच्या रजिस्टरातला निरंकचा रकाना दोन भागांत तोडावा. एकावर लिहावं 'तपासले, आढळले नाही' आणि दुसऱ्यावर 'तपासले नाही'. दोन्हींची बेरीज वेगवेगळी वर जाऊ द्यावी. जूनमध्ये शाळा उघडल्या की नव्या रजिस्टरांवर बाई पट्टीने रेघा आखतातच. त्यात एक रेघ जास्त मारायची आहे.